हिरव्या काढ्याची पांढरी पूड

कॉलेजांत पोस्टर स्पर्धांचा हंगाम आला की मला परीक्षक म्हणून बोलावणं येतं आणि दर वेळी दोन-चार पोस्टरांवर तीच पाककृती भेटते. कडुनिंबाची पानं (तुळस, शेवगा, कोरफड, काहीही चालतं) धुऊन उकळायची, काढा गाळायचा, त्यात झिंक नायट्रेट घालून आटवायचं. लगदा झाला की मफल फर्नेसमध्ये ४०० अंशांवर दोन तास. बाहेर येते पांढरी पूड, झिंक ऑक्साइडचे नॅनोकण. शीर्षकात ‘ग्रीन सिंथेसिस’, कोपऱ्यात पानाचं चित्र.

या वाटेवर पुण्याचं नाव मोठं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्याच काढ्यातून सोन्या-चांदीचे नॅनोकण बनवले. ते काम २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. पण तिथे काढा राबत होता. क्षारातून चांदी सुटी करायला इलेक्ट्रॉन लागतात, ते पानातली द्रव्यं पुरवत होती. जस्ताच्या ऑक्साइडला ते लागतच नाहीत. झिंक नायट्रेट नुसतं तापवलं तरी ४०० अंशांच्या आत त्याचं ऑक्साइड होतं, वर नायट्रोजन डायऑक्साइडचा तांबूस धूर निघतो. हिरव्या रसायनशास्त्राचा धूर तांबूस! काढ्याने कण लहान राहत असतील, घाट बदलत असेल, मान्य. पण किती, हे कळायला बिनपाल्याची एक मूस भट्टीत ठेवावी लागते. ती मला क्वचितच दिसते.

विषारीपणाच्या चाचणीतही तेच. पोस्टरच्या डाव्या बाजूला ही पूड जीवाणू मारते, मधे कर्करोगाच्या पेशी मारते आणि उजवीकडे ती अगदी निरुपद्रवी असते. का, तर झाडापासून आली. अहो, पाला भट्टीत जळाला. उरलं ते जस्ताचं ऑक्साइड. ते पाण्यात किंचित विरघळतं, आम्लात भराभर, आणि पेशीने गिळलेला कण जातो तो तिच्यातल्या आम्लधर्मी पिशवीतच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००७ मध्ये गोड्या पाण्यातल्या शेवाळावर नॅनो झिंक ऑक्साइड, साधं झिंक ऑक्साइड आणि झिंक क्लोराइड शेजारी शेजारी तपासलं. तिन्हींचा विषार सारखाच निघाला, कारण तो विरघळलेल्या जस्ताचा होता. तेव्हा चाचणीत जस्ताच्या क्षाराची बशी हवी आणि नुसत्या काढ्याचीही. पेशी किती जगल्या हे रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत तर पेशी न घालता फक्त कणांचा एक खळगा ठेवायचा असतो, कारण कण स्वतःच प्रकाश विखुरतात आणि जांभळ्या रंगाचं मोजमाप फसतं.

मुलांना दोष देत नाही. त्यांच्या हाती आलेल्या शोधनिबंधांतही तुलनेचे हे रकाने पुष्कळदा रिकामेच असतात. पानं कोणत्या महिन्यात तोडली, चैत्राची पालवी होती की श्रावणातलं जून पान, एवढंही लिहिलेलं नसतं.

मागे एका मुलीची वही सहज चाळली. तिने आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीसारख्या जिवांची, पिल्लं पुडीसोबत झिंक नायट्रेटच्या पाण्यातही सोडली होती आणि तिथेही जवळपास तेवढीच मेली होती. पोस्टरवर मात्र त्याचा उल्लेख नव्हता.

“हे का नाही लावलंस?”

“सर, काही वेगळं आलंच नाही ना.”

मी तिला सर्वाधिक गुण दिले. सोबतच्या परीक्षकांनी पहिलं बक्षीस कोरफडीला दिलं.