तीन चुली, एक तट

पश्चिम जर्मनीत साठच्या दशकात चलनात आलेल्या ५०० मार्कांच्या नोटेच्या मागील बाजूस एका किल्ल्याचे चित्र होते. एकमेकांना खेटून उभे असलेले उंच मनोरे, त्यांवरील निमुळती छपरे, असे ते दृश्य. तो किल्ला म्हणजे एल्ट्झ. पुढे ती नोट बदलली, २००२ साली मार्क हे चलनही व्यवहारातून गेले. किल्ला मात्र उभा आहे. विशेष म्हणजे, आठ शतकांपूर्वी तो ज्या घराण्याकडे होता, त्याच घराण्याकडे तो आजही आहे. तेहतीसहून अधिक पिढ्या एक वास्तू एका कुळात टिकून राहावी, ही गोष्ट युरोपातही विरळाच. पिढीजात पेढी आणि वडिलोपार्जित वाडा सांभाळणाऱ्या कुटुंबांना या किल्ल्याचा इतिहास त्याच्या सौंदर्याइतकाच लक्षवेधी वाटेल.

जर्मनीच्या पश्चिम सीमेवर, आखेन, ट्रिअर आणि कोब्लेन्झ या तीन शहरांच्या मधल्या डोंगराळ मुलखाला आयफेल म्हणतात. पलीकडे बेल्जियम आणि लक्झेंबर्ग. विझलेले ज्वालामुखी, त्यांच्या विवरांत साठलेली गोलाकार तळी, पाटीच्या काळ्या दगडाची छपरे असलेली लहान लहान गावे आणि दाट रान, असा हा शांत प्रदेश. मध्ययुगात मात्र येथे शांतता नव्हती. ट्रिअर आणि कोलोन येथील आर्चबिशप हे धर्मगुरू असले तरी सत्ताधीशही होते. त्यांच्या, लक्झेंबर्गच्या आणि अनेक लहानमोठ्या सरदारांच्या सीमा येथे एकमेकींत गुंतल्या होत्या. त्यामुळे टेकडीटेकडीवर किल्ले उभे राहिले. आज त्यांतील बहुतेक भग्नावस्थेत आहेत.

एल्ट्झचा किल्ला या मुलखाच्या दक्षिण टोकाला, मोझेल नदीपासून थोडा आत आहे. एल्ट्झबाख नावाच्या ओढ्याने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या खडकावर तो उभा आहे. ११५७ साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या एका दानपत्रावर रुडॉल्फ फॉन एल्ट्झ याचे नाव साक्षीदार म्हणून आढळते. पुढे शंभर वर्षांनी, १२६८ च्या आधी, एलियास, विल्हेल्म आणि थिओडोरिक या तीन भावांत वाटणी झाली. एकाच्या ढालीवर सोनेरी सिंह, दुसऱ्याच्या ढालीवर रुपेरी सिंह, तिसऱ्याच्या ढालीवर रेड्याची शिंगे, अशा तीन शाखा झाल्या.

येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. भावांनी आपापले हिस्से घेतले, पण किल्ला तोडला नाही. जर्मन परंपरेत अशा सामाईक वारशाच्या किल्ल्यासाठी ‘गानएर्बेनबुर्ग’ असा स्वतंत्र शब्दच आहे. कुळाच्या सर्व शाखा एकाच तटाच्या आत राहत. प्रत्येकीचे घर वेगळे, तट आणि चौक सामाईक. कालांतराने एल्ट्झच्या एकाच चौकाभोवती रुबेनाख, रोडेनडोर्फ आणि केम्पेनिख अशी तीन घरे वाढत गेली. खडकावर जागा तोकडी, म्हणून ती रुंदीने न वाढता उंचीने वाढली. नोटेवर दिसणारे ते खेटून उभे असलेले मनोरे म्हणजे वस्तुतः एका कुळातील चुलत घराण्यांची बिऱ्हाडे होत. रुबेनाख घराचे काम १४७२ साली पुरे झाले. केम्पेनिख घर सतराव्या शतकापर्यंत बांधले जात होते. सुमारे शंभर माणसे येथे एकत्र नांदत असत.

इतकी माणसे एका तटात राहायची, तर केवळ सद्भावनेवर विसंबून चालत नाही. असे सामाईक किल्ले ‘बुर्गफ्रीडन’ या लेखी कराराने बांधलेले असत. तटाच्या आत कोणी कोणावर शस्त्र उगारायचे नाही, सामाईक भागांच्या डागडुजीत प्रत्येकाने आपला वाटा उचलायचा, आपला हिस्सा परक्याच्या हाती परस्पर जाऊ द्यायचा नाही, अशा स्वरूपाची कलमे त्यांत येत. भाऊबंदकी होणारच नाही, असे त्या माणसांनी गृहीत धरले नाही. ती होईल हे जाणूनच त्यांनी आधी लेखणी हाती घेतली.

किल्ल्यातील सभागृहात या शहाणपणाची एक सुंदर खूण पाहायला मिळते. हे दालन कोणा एका शाखेचे नव्हे, सर्वांचे. तेथे विदूषकांचे मुखवटे कोरलेले आहेत आणि दारावर एक गुलाब आहे. विदूषकाला राजासमोरही मन मोकळे करण्याची मुभा असे; म्हणून मुखवट्यांचा अर्थ, येथे प्रत्येकाने निर्भयपणे बोलावे. गुलाब हे मौनाचे चिन्ह; त्याचा अर्थ, येथे बोललेले या दाराबाहेर जाऊ नये. घरातील मतभेद घरातच स्पष्टपणे बोलावेत आणि चव्हाट्यावर नेऊ नयेत, हा नियम त्यांनी भिंतीवरच कोरून ठेवला.

बाहेरच्या संकटांतूनही हा किल्ला सुटला नाही. ट्रिअरचा आर्चबिशप बाल्डुईन आपली सत्ता वाढवू लागला, तेव्हा एल्ट्झच्या सरदारांनी शेजारच्या घराण्यांशी युती करून त्याला विरोध केला. १३३१ साली संघर्ष पेटला. बाल्डुईनने समोरच्या उंचवट्यावर ‘ट्रुट्झएल्ट्झ’ नावाचा छोटा किल्ला केवळ वेढ्यासाठी बांधला आणि तेथून दगडांचा मारा केला. अखेर एल्ट्झकरांना तह करावा लागला आणि त्यांचे स्वातंत्र्य गेले. परंतु घर राहिले. आज रानातील पायवाटेने वर चढून गेले, की ट्रुट्झएल्ट्झच्या पडक्या भिंती दिसतात. जिंकणाऱ्याचा किल्ला झाडोऱ्यात बुजला आहे, आणि हरलेल्याचा खाली दरीत अभंग आहे. एकाला वेढ्यापुरते प्रयोजन होते. दुसऱ्यात पिढ्यांनी राहायचे होते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच फौजांनी ऱ्हाईन आणि मोझेलकाठचे किल्ले एकामागून एक उद्ध्वस्त केले. त्या वेळी हान्स आंटोन या एल्ट्झ कुळातील पुरुषाला फ्रेंच सैन्यात वरिष्ठ अधिकार होता. त्याने पाडावयाच्या वास्तूंच्या यादीतून हा किल्ला वगळवून घेतला. तो तेथे नसता, तर नोटेवर छापायला कदाचित केवळ ढिगारा उरला असता.

याच आयफेलमधील मांडरशाइड येथे दुसरे चित्र दिसते. लीझर नदीच्या दोन्ही तीरांवर दोन भग्न किल्ले समोरासमोर उभे आहेत. वरचा ट्रिअरच्या आर्चबिशपचा, खालचा मांडरशाइड घराण्याचा. या घराण्यातही १४८८ साली तिघांत वाटणी झाली. पण श्लायडन, ब्लांकेनहाइम आणि काइल अशी तिघांची ठाणी तीन ठिकाणी झाली. मूळ किल्ला कालांतराने ओस पडला. पडझडीला युद्धांसह अनेक कारणे असतात, सारा दोष वाटणीवर टाकणे अन्यायाचे ठरेल. तरीही ज्या घरात सर्वांचा पाय पडत नाही, त्याच्या छपराकडे कोणाचे लक्ष राहत नाही, हे खरेच. सुदैवाने १८८८ साली स्थापन झालेल्या आयफेलफेराइन या पदभ्रमण संस्थेने १८९९ साली खालच्या किल्ल्याचे अवशेष विकत घेतले, म्हणून निदान ते तरी सांभाळले गेले.

मायेन गावाजवळचे ब्यूरेसहाइम तर दोन्ही धडे एकाच आवारात देते. तेथेही मालकी अनेकांची होती. कोलोनच्या आर्चबिशपकडे असलेला भाग आज भग्न आहे. ब्राइडबाख घराण्याने राहता ठेवलेला भाग जुन्या सामानसुमानासह शाबूत आहे. १९३८ साली तो सार्वजनिक मालकीत गेला.

एल्ट्झमध्ये १७८६ साली रोडेनडोर्फ शाखा निर्वंश झाली आणि तिचा हिस्सा केम्पेनिख शाखेकडे आला. १८१५ साली काउंट ह्यूगो फिलिपने रुबेनाख शाखेचाही हिस्सा विकत घेतला, आणि साडेपाच शतकांनी किल्ला पुन्हा एकाच्या नावावर झाला. पुढे काउंट कार्लने १८४५ ते १८८८ या काळात १,८४,००० मार्क खर्चून जीर्णोद्धार केला. त्याने काही नवे उठवले नाही, होते तेच जपले. १९२० साली आग लागली, तेव्हाही घराण्याने पुन्हा काम केले. २००९ ते २०१२ या काळात आणखी एकदा मोठी दुरुस्ती झाली. वारशाने मिळालेली वास्तू फुकट मिळते असे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक पिढीला ती नव्याने विकत घ्यावी लागते, फक्त किंमत डागडुजीच्या रूपाने चुकती होते.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडेसे. एल्ट्झ साधारण एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत पाहता येतो. हिवाळ्यात बंद असतो. कोब्लेन्झ ते ट्रिअर या रेल्वेमार्गावरील मोझेलकेर्न स्थानकावर उतरून ओढ्याच्या काठाने रानातून सुमारे दीड तास चालत जाता येते. वृद्धांनी मोटारीने वाहनतळापर्यंत जाऊन तेथील छोट्या बसने खाली उतरावे. आतील दालने मार्गदर्शकासोबतच पाहावी लागतात आणि आत छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. वेळ असल्यास ट्रुट्झएल्ट्झच्या अवशेषांपर्यंत अवश्य चढावे, आणि सभागृहातून बाहेर पडताना दारावरच्या गुलाबाकडे घरातील धाकट्यांचे लक्ष वेधावे.