कर्नाळ्याची वळणे आणि चालकाचा वेग

मुंबई-गोवा महामार्गावर कर्नाळा अभयारण्यातल्या वळणांवरील दुचाकी अपघातांना फक्त रस्ताच जबाबदार, हेल्मेटसक्ती ही पळवाट, हे गेल्या अंकातील पत्रातले मत पटले नाही. खड्डे बुजवणे सरकारचेच काम, यात दुमत नाही. पण २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर गेलेल्या १,६८,४९१ बळींपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते, आणि हेल्मेट नसलेले मृत ५०,०२९. सगळेच वाचले असते असे नाही. तरी अनेक अभ्यासांच्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो.

हेल्मेट अपघात टाळत नाही, हा पत्रलेखकाचा आक्षेप मात्र खरा आहे. अपघात टळतो तो वेग आवरल्याने. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. पावसाळ्यातल्या ओल्या डांबरावर आणखी वाढते. झाडीआड पुढचे न दिसणाऱ्या वळणात गाडी कललेली असताना जोरात ब्रेक दाबला तर चाक घसरते, कारण टायरची बरीच पकड वळण्यातच खर्ची पडलेली असते. म्हणून वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच उतरवायला हवा. ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा आहे ना, असे कोणी म्हणेल. पण २०१९ पासून पूर्णपणे लागू झालेल्या नियमाने ती १२५ सीसीहून मोठ्या गाड्यांनाच सक्तीची केली, आणि आपल्याकडच्या बहुतेक स्कूटर त्याखालच्या आहेत.

— एक वाचक, पनवेल