निलंबन नको, चौकशी मागा

कोठडीत कोणास मारहाण झाली, मोर्चावर अकारण लाठी चालली, अथवा दलित वस्तीतील फिर्याद नोंदवून घेण्यास ठाणे अंमलदाराने नकार दिला, की आपण पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयावर जातो. घोषणा ठरलेली असते : ‘निलंबित करा, बडतर्फ करा!’ हा संताप रास्त आहे. मागणी मात्र चुकीची आहे. नगर जिल्ह्यातील साथींना हे अप्रिय वाटेल, तरीही ते सांगितले पाहिजे.

चौकशीपूर्वीचे निलंबन ही कायद्याच्या दृष्टीने शिक्षाच नव्हे. शिपाई निर्वाहभत्त्यावर घरी बसतो, वृत्तपत्रांत बातमी छापून येते, मोर्चा पांगतो. आणि पुष्कळदा काही महिन्यांनी तोच शिपाई दुसऱ्या ठाण्यात रुजू होतो. ज्याने हुकूम दिला तो अधिकारी जागचा हलत नाही. शासनाला याहून स्वस्त सुटका कोणती?

ख्वाजा युनूस कोठडीमृत्यू प्रकरण २००३ चे. त्या प्रकरणी सचिन वाझे २००४ साली निलंबित झाले, २०२० साली पुन्हा सेवेत आले आणि २०२१ साली दुसऱ्याच प्रकरणात चौकशीविना बडतर्फ झाले. सोळा वर्षांच्या त्या निलंबनातून युनूसच्या कुटुंबाच्या पदरी काय पडले?

आरोप कळवावेत, म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी आणि मगच बडतर्फ करावे, असे संविधानाचा अनुच्छेद ३११ सांगतो. चौकशी व्यवहार्य नसल्याचे लेखी कारण देऊन ती टाळण्याचा अपवादही त्यातच आहे. तुलसीराम पटेल खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अपवाद उचलून धरला. परंतु केवळ अधिकाऱ्याच्या शब्दावर चौकशी अव्यवहार्य ठरत नाही, हेही त्याच न्यायालयाने १९९० साली पंजाबातील जसवंतसिंग या पोलीस कर्मचाऱ्याच्या खटल्यात सांगितले.

‘ज्याने कोठडीत हात उगारला त्याला कसली सुनावणी?’ असे काही मित्र विचारतील. घाईने, नियम डावलून दिलेली शिक्षा न्यायालयात टिकत नाही. दोषी मनुष्य सन्मानाने परत येतो आणि पीडित उघडा पडतो. सुनावणी ही गुन्हेगाराला दिलेली सवलत नव्हे. शिक्षा टिकावी यासाठीचा तो पाया आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा वर्गीय आहे. गिरणी कामगाराला संघटना असते, संपाचा हक्क असतो. शिपायाला यांतले काही नाही. १९६६ च्या कायद्याने त्याच्या संघटनास्वातंत्र्यावर बंधने घातली. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढून तिच्या पुढाऱ्यांना अटक झाली. शिपाई रस्त्यावर उतरले, तेव्हा सरकारने लष्कर बोलावले. सामुदायिक मार्ग असा बंद झाल्यावर शिपायापाशी वैयक्तिक सुनावणी एवढेच उरते. तीही साहेबांच्या मर्जीवर असेल, तर कामगारांवर वा शेतमजुरांवर लाठी चालवण्याचा बेकायदा हुकूम तो कोणत्या बळावर नाकारील? भयभीत शिपाई हा सत्ताधाऱ्यांच्या हातातील सर्वांत सोयीचा दंडुका असतो.

आपल्याच शहराच्या भुईकोट किल्ल्यात आचार्य नरेंद्र देव १९४२ पासून १९४५ पर्यंत आरोपाविना, खटल्याविना बंदिवान होते. सुनावणीविना शिक्षा म्हणजे काय, हे समाजवाद्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. मग तीच शिक्षा दुसऱ्यासाठी आपण मागावी काय?

म्हणून पुढच्या निवेदनात चार मागण्या लिहा. आरोपपत्र तीन महिन्यांच्या आत द्यावे. निलंबन लांबवण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली हीच मुदत सांगितली आहे. चौकशी अधिकारी संबंधित वरिष्ठांच्या हाताखालचा नसावा. पीडिताची साक्ष घ्यावी, आणि हुकूम देणाऱ्यालाही जाब विचारावा. अहवाल शिपायाला मिळतोच. तो त्याचा हक्क आहे. तो पीडितालाही मिळावा.

निलंबनाची बातमी दोन दिवस टिकते. टिकाऊ न्याय हवा असेल तर चौकशीच्या तारखा मागाव्या लागतील, आणि प्रत्येक तारखेला साक्षीदारासोबत आपला कार्यकर्ताही दारात उभा असावा लागेल.