होडीतून ऑफिसला

कोचीला बदली झाली तेव्हा मित्रांनी दोनच प्रश्न विचारले. जेवणाचं काय आणि भाषेचं काय? ऑफिसला कसा जाणार, हे कुणीच विचारलं नाही. हिंजवडीत चार वर्षं काढल्यावर मलाही तो प्रश्न पडला नव्हता. बाईक असते, ट्रॅफिक असतो, शिव्या असतात... त्यात विचारायचं काय!

पहिले दोन महिने इथेही तेच केलं. वैट्टिलाला खोली, काक्कनाडच्या इन्फोपार्कमध्ये ऑफिस आणि मधल्या रस्त्यावर अख्खं शहर. मग पावसात एकदा बाईक बंद पडली. टीममधला एकजण म्हणाला, बोटीने का येत नाहीस? मला वाटलं खेचतोय.

वैट्टिलाला बसस्टँड, मेट्रो आणि बोटीचा धक्का अगदी शेजारी-शेजारी आहेत. मेट्रोसारखंच तिकीट दाखवून आत जायचं. ही वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. बोटी कोचीन शिपयार्डनेच बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या. त्यामुळे डिझेलचा वास नाही, धडधड नाही. वीस-पंचवीस मिनिटं एसीत बसायचं. बाहेर नारळ, जलपर्णी, एखादा पंख वाळवत बसलेला पाणकावळा. पहिल्या आठवड्यात मी शहाण्यासारखा लॅपटॉप उघडायचो. आता नाही उघडत.

पण खरं सांगू का, देखावा पंधरा दिवस पुरतो. सोळाव्या दिवशी पाणी म्हणजे पाणीच. तरी मी बोट सोडली नाही, कारण ती मला गृहीत धरता येते. बोटीची क्षमता शंभर प्रवाशांची आहे आणि तेवढे झाले की पुढच्याला आत सोडत नाहीत. एकदा तो पुढचा मीच होतो. नऊची मीटिंग होती, भयंकर चिडलो. आज वाटतं, त्या दिवशी मला अडवलं म्हणूनच मी रोज निवांत बसू शकतो.

डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, त्या रात्री आईचा फोन आला होता. "अरे, तू अजून होडीनेच जातोस का? पोहता येतं का तुला?" येत नाही. ते तिलाही माहीत आहे. मी जॅकेट, मोजणी वगैरे सांगत बसलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बसने जा."

आपल्याकडे काय, पाणी कमी आहे का? मुंबईच्या तीन बाजूंना समुद्र! भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मार्च २०२० पासून रो-रो आहे. मी गाडी घालून गेलोय, झकास आहे. पण आपल्याला ती आठवते शनिवारी. बेलापूरची वॉटर टॅक्सी फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा स्पीडबोटीचं एका वेळचं तिकीट आठशेच्या आसपास होतं. रोज लोकलला लटकणारा माणूस त्यात कसा बसणार? इथे याच मार्गाचं तिकीट सुरुवातीला तीस रुपये होतं. बोट सहलीची वस्तू ठरली की तिला वेळापत्रक नको असतं, माणसं मोजायलाही कुणी नको असतं.

इथेही सगळं गोड नाही हां. काक्कनाडच्या धक्क्याहून इन्फोपार्क चालत जाण्याजोगं नाही, पुढची बस चुकली की वाचवलेला वेळ गेलाच. संध्याकाळी अमेरिकेचा कॉल लांबला की शेवटची बोट हुकते. मॅनेजरला मी आता सरळ सांगतो, माझी बोट आहे. आधी हसला. आता कॉल अर्धा तास आधी ठेवतो.

मागच्या दिवाळीनंतर आई आली होती. हट्टाने घेऊन गेलो. बसल्या बसल्या तिने जॅकेटं कुठे आहेत ते बघून घेतलं, मग माणसं मोजायला लागली. चाळीसपर्यंत मोजली असतील. काक्कनाड आलं तेव्हा तिला हलवून उठवावं लागलं.