‘वंशावळ’ केवळ रक्ताची नव्हे

‘वंश’ हा शब्द मुळातच फक्त रक्ताच्या नात्याचा आहे, हे गेल्या अंकातील पत्रातले विधान अपुरे आहे. संस्कृतात ‘वंश’ म्हणजे बांबू, वेळू. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील दहाव्या सूक्तात तो उंच उभारलेल्या दांड्यासाठी आला आहे. बासरीला ‘वंशी’ म्हणतात तेही याच अर्थाने. वेळू पेरापेराने वाढतो, कुळ पिढीपिढीने. या साम्यातून शब्दाला कुलपरंपरेचा अर्थ आला, असे सामान्यतः मानले जाते.

ही परंपरा मात्र जन्माचीच असावी असे नाही. बृहदारण्यक उपनिषदातील गुरुशिष्यांच्या याद्यांनाही ‘वंश’ हेच नाव आहे. पाणिनीच्या ‘वंश्य’ शब्द असलेल्या सूत्रावर लिहिताना काशिकावृत्तीने विद्येचा आणि जन्माचा असे दोन्ही वंश मानले आहेत.

‘वंशावळ’ हा शब्द ‘वंश’ आणि ‘आवलि’ म्हणजे ओळ, रांग यांपासून झाला. ‘दीपावली’, ‘नामावळी’ यांतही तोच घटक दिसतो. म्हणून वंशावळ म्हणजे पिढ्यांची क्रमवार मांडणी.

मराठेशाहीत वतनाच्या तंट्यांत हक्क सिद्ध करण्यासाठी वंशावळी मांडल्या जात. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमान कुळांच्या पिढ्यांची नावे नोंदलेली आहेत. आज जातवैधता प्रमाणपत्राच्या अर्जासोबतही वंशावळ द्यावी लागते. या कायदेशीर वापरामुळे रक्ताच्या नात्याचा अर्थ ठळक झाला, हे खरे. पण तोच शब्दाचा एकमेव अर्थ ठरवणे शब्दाच्या इतिहासाला धरून नाही.

– एक वाचक