क्लच अजून किती चालेल?

मराठीच्या प्राध्यापकाला मोटारीतले काय कळते, असे आमच्या घरी सर्वांचे मत आहे आणि मीही ते आजवर कधी खोडून काढलेले नाही. त्यामुळे 2023 च्या मे महिन्याच्या सुट्टीत सॅन फ्रान्सिस्कोला भाच्याकडे गेलो असताना, एका रात्री जेवणे आटोपल्यावर त्याने मला बाजूला घेऊन जो प्रश्न केला, तो ऐकून मी आधी मागे वळून पाहिले. न जाणो, दुसऱ्याच कोणाला विचारत असायचा!

"मामा, क्लच अजून किती चालेल, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं?"

हकिगत अशी होती. भाच्याकडे एक स्पोर्ट्स मोटार होती. स्पोर्ट्स मोटार म्हटल्याबरोबर वाचकांच्या डोळ्यांपुढे लालभडक फेरारी उभी राहील, ती नव्हे. ही जपानची माझदा एमएक्स-5. अमेरिकेत तिला मिआटा म्हणतात. दोनच आसने, हाताने मागे सारायचे कापडी छप्पर, वजन सुमारे एक टन. 1989 साली ही मोटार प्रथम लोकांपुढे आली आणि 2016 मध्ये दहा लाखावी कारखान्याबाहेर पडली. तेव्हा ही गरिबांची नसली, तरी मास्तरांच्या भाच्यांना झेपणारी म्हणायला हरकत नाही. भाच्याने तीही जुनीच घेतली होती. पण आता सूनबाईंना सातवा महिना लागला होता, आणि दोन आसनांत तीन माणसे बसवण्याची युक्ती जपान्यांनाही अजून साधलेली नाही. मोटार विकायचे ठरले. घेणारा कॉलेजात शिकणारा एक मुलगा होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता आणि हा प्रश्न त्याने फोनवर आधीच विचारून ठेवला होता.

"मीटरवर 94,000 मैल आहेत," भाचा म्हणाला. "क्लच 61,000 ला नवा टाकलाय. म्हणजे 33,000च झाले. लोकांचे क्लच लाख लाख मैल जातात. नव्यासारखाच आहे, असं सांगू ना?"

वजाबाकी बिनचूक होती. पण त्याच दुपारी आम्ही दोघे त्या मोटारीतून हिंडून आलो होतो. हे शहर टेकड्यांवर वसले आहे असे म्हणतात; मला ते टेकड्यांना टांगल्यासारखे वाटले. तिथल्या फिल्बर्ट स्ट्रीटचा एक तुकडा 31.5 टक्के उताराचा आहे. तीन फूट पुढे जावे तो जवळजवळ एक फूट खाली. (बोरघाटात आपली आगगाडी 37 फुटांना एक फूट चढते, तर तेवढ्यासाठी तिला मागून वेगळी इंजिने लावतात.) आम्ही त्या रस्त्याला गेलो नाही, पण ज्याला गेलो तोही काही कमी नव्हता. चढावर लाल दिवा लागला. भाच्याने ब्रेक लावलाच नाही. क्लच अर्धवट सोडून आणि अ‍ॅक्सिलरेटर हलकासा दाबून त्याने मोटार जागच्या जागी तोलून धरली. मोठ्या ऐटीत! आणि मग तो वास आला. सुट्टीच्या दिवशी खंडाळ्याच्या घाटात जे अडकले असतील, त्यांना तो वेगळा सांगायला नको. रबराचा म्हणावा तर तसा नाही, कागदाचा म्हणावा तर तसाही नाही.

क्लच म्हणजे काय, हे आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी एकदा दोन बश्या एकमेकींवर धरून मला समजावून दिले होते. (त्यातली एक फुटली.) इंजिन सदा फिरत असते, चाके थांबलेली असतात. दोघांची गाठ घालून द्यायला मध्ये एक चकती, हीच क्लचप्लेट. एका बाजूला इंजिनाचे फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूने प्रेशरप्लेट तिला स्प्रिंगच्या जोराने दाबून धरते. घट्ट दाबलेली असली तर प्लेट झिजत नाही, पूर्ण सुटलेली असली तरीही झिजत नाही. झिजते ती मधल्या अवस्थेत, घासत असताना. या घासण्यासाठी तिच्या दोन्ही बाजूंना मिळून जी जाडी उपयोगी पडते ती जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. लाख मैलांचा संसार एवढ्याशा भांडवलावर!

सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी विसरलेलो नाही. इंजिनाचे फेरे एकसारखे ठेवून थांबलेली मोटार क्लच घासत हलवली, तर इंजिनाने केलेल्या कामातले निम्मेच मोटारीच्या वाट्याला येते. उरलेल्या निम्म्याची उष्णता होते. दीड हजार फेऱ्यांऐवजी तीन हजारांवर क्लच सोडला, तर ही उष्णता दुप्पट नव्हे, चौपट. स्पोर्ट्स मोटारीचे सगळे दुखणे इथे आहे. तिची प्लेट काही कच्ची नसते. इंजिनाच्या जोराला साजेशीच घातलेली असते. पण दिवा हिरवा होताच उडी घ्यावी, असे त्या मोटारीत बसलेल्या माणसालाच वाटू लागते. म्हणून तीच मोटार एकाच्या हाताखाली लाख मैल जाते आणि दुसरा तिचा क्लच एका संध्याकाळीही जाळू शकतो. हमरस्त्यावरचे 33,000 मैल म्हणजे क्लचला विश्रांतीच. सॅन फ्रान्सिस्कोतले 33,000 मैल किती वेळा थांबून, किती वेळा चढावर निघून झाले, हे मीटर सांगत नाही. हल्ली पुष्कळ स्पोर्ट्स मोटारींत हे डावे पेडलच नसते. पोर्शने 2008 पासून आपल्या 911 मध्ये दोन क्लचची आणि आपण होऊन गिअर बदलणारी पेटी घालायला सुरुवात केली. तिथे दोष द्यायला पायच उरत नाही.

आमच्या घरी मात्र तो होता आणि तो माझा होता. बाबांच्या प्रीमियर पद्मिनीवर मी मोटार शिकलो. कात्रजच्या घाटात ते शेजारी बसून ओरडायचे, "पाय काढ! क्लच म्हणजे काय पायपुसणं आहे?" 2001 साली ती गाडी विकायला काढली, तेव्हा घ्यायला आलेल्या गृहस्थांना बाबा चहा देता देता म्हणाले, "गाडी उत्तम आहे. क्लच मात्र आमच्या चिरंजीवांनी शिकताना खाल्लाय. तेवढे पैसे कापून द्या." मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पैसे गेले म्हणून नव्हे. परक्या माणसापुढे माझे नाव घेतले म्हणून.

ही गोष्ट मी भाच्याला सांगितली नाही. एवढेच म्हणालो, "33,000 झाले हे सांग. पण कुठे झाले, तेही सांग."

तो चिडला. "मामा, दीड हजार डॉलर जातील! प्लेटची किंमत काहीच नसते, पण गिअरबॉक्स उतरवायला लागतो, त्याची मजुरी. शिवाय प्रेशरप्लेट आणि बेअरिंग बदलायचं. आणि इथे बाळंतपणाचा खर्च तोंडावर आलाय!"

म्हणजे गॅरेजमध्ये चौकशी करून झाली होती तर! हे माझ्या आणि त्याच्याही एकदमच ध्यानात आले. तो काही न बोलता झोपायला गेला.

सकाळी मुलगा बसने आला. काटकुळा, पाठीला पिशवी, मोटारीभोवती देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा घालत होता. बॉनेट उघडून पाहिले, छप्पर दोनदा मागेपुढे केले आणि मग तो प्रश्न आलाच. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी समोरच्या घराच्या खिडक्या मोजू लागलो.

"चल, दाखवतोच," भाचा त्याला म्हणाला. दोघे गेले. सपाट रस्त्यावर मोटार सावकाश चालवत चौथा गिअर टाकायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबायचा. क्लच धड असेल तर इंजिनाचे फेरे आणि वेग बरोबरीने वाढतात. परत आल्यावर भाचा मला मराठीत म्हणाला, "काटा उडाला रे. फेरे वाढले, वेग तिथेच." बाराशे डॉलर कमी झाले. मुलाला आनंद लपवता येत नव्हता. नवा क्लच पुढल्या महिन्यात पगार झाला की टाकीन, म्हणाला.

सही झाली, किल्ली दिली. कोपऱ्यावर चढ होता. तिथे मोटार दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा इंजिन केवढ्याने तरी गर्जले आणि ती दिसेनाशी झाली.

वरच्या खिडकीतून सूनबाईंनी नाकाला पदर लावावा तशी ओढणी लावली आणि विचारले, "मामा, कसला हो हा वास?"