झाड आणू नका, लावा

२८ नोव्हेंबर २०२३ला दुपारी वॉशिंग्टनमध्ये जोराचं वारं सुटलं आणि व्हाइट हाऊसजवळच्या इलिप्स मैदानावरचं राष्ट्रीय नाताळचं झाड आडवं झालं. सुमारे चाळीस फुटी नॉर्वे स्प्रूस. वेस्ट व्हर्जिनियाच्या जंगलातून आणून त्याला तिथे उभं केल्याला जेमतेम पंधरवडा झाला होता. संध्याकाळपर्यंत क्रेनने ते पुन्हा सरळ केलं, तुटलेली केबल बदलली, आणि दोन दिवसांनी ठरल्याप्रमाणे दिवेही लागले. बातम्यांमधून लोकांना त्याची गंमत वाटली. मला वाईट वाटलं. ज्या झाडाने अजून माती धरलेली नाही, त्याला केबलशिवाय आधार तरी कसला?

मी मूळची वसईची. दापोलीला उद्यानविद्या शिकले आणि आता वॉशिंग्टनपासून तासाभराच्या अंतरावर, मेरीलँडमध्ये, झाडांच्या एका नर्सरीत काम करते. आमच्या छोट्या गावात सध्या या नाताळच्या झाडावरूनच चर्चा पेटली आहे. आजवर दर डिसेंबरात वाचनालयासमोर तोडून आणलेलं झाड उभं राहायचं आणि जानेवारीत त्याचा भुगा व्हायचा. यंदा नगरपरिषदेपुढे प्रस्ताव आला आहे की तिथे कायमचं, जिवंत झाड असावं. मी मनापासून त्या बाजूची आहे. मात्र प्रस्तावात पुढे असंही म्हटलं आहे की तीस फुटी तयार स्प्रूस मुळांसकट आणून ऑक्टोबरात लावावा, म्हणजे डिसेंबरात रोषणाई करता येईल. माझा विरोध आहे तो या घाईला.

मोठं झाड काढतात कसं, ते रोज पाहणाऱ्यांपैकी मी एक आहे. खोड चार इंच जाड असेल तर मुळांभोवतीच्या मातीची हुंडी चार फूट रुंद, हा आमचा ढोबळ हिशेब. यंत्राची बाकदार पाती खोडाच्या चारी बाजूंनी जमिनीत घुसतात आणि झाड मातीसकट वर येतं. हुंडी फुटू नये म्हणून तिला गोणपाट गुंडाळायचं, वरून तारेची जाळी आवळायची. वजन टनभर तरी भरतं. ट्रक निघून गेल्यावर खड्ड्यात वाकून पाहिलं की मातीच्या भिंतीतून तुटलेल्या मुळांची टोकं बाहेर आलेली दिसतात, पांढरी आणि ओली. झाडाला पाणी पुरवणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात, आणि त्यातली बहुतेक सगळी त्या खड्ड्याभोवती मागेच राहतात. या धंद्यातली माणसं सांगतात की खोडाच्या दर इंचामागे झाडाला सावरायला एक वर्ष लागतं. बारा इंची खोड म्हणजे बारा वर्षं. वरून हिरवंगार दिसणारं झाड एवढा काळ खाली अर्धपोटी असतं. आणि पहिल्याच डिसेंबरात आपण त्याच्यावर दिव्यांच्या माळा चढवणार, त्याच्या बुंध्याशी हजारभर माणसं उभी करून माती तुडवणार.

वॉशिंग्टनचा इतिहास याला साक्षी आहे. १९२३ साली अध्यक्ष कूलिज यांनी दिवे लावले ते व्हरमाँटहून तोडून आणलेल्या झाडावर. पुढच्याच वर्षी वृक्षप्रेमींच्या आग्रहाने जिवंत झाड लावलं गेलं. सजावट करताना होणाऱ्या इजेमुळे ते १९२९ साली बदलावं लागलं. १९५४पासून जवळजवळ दोन दशकं पुन्हा तोडलेलीच झाडं आली. त्यावर पर्यावरणवाद्यांनी आवाज उठवला आणि १९७३ साली जिवंत झाड परत आलं. ते टिकलं नाही. १९७८ साली पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावच्या एका घराच्या अंगणातून आणलेला ब्लू स्प्रूस मात्र रुजला. फेब्रुवारी २०११च्या वादळात मोडेपर्यंत तो बत्तीस वर्षं उभा होता, त्याबद्दल मला आदर आहे. पण त्याच्या जागी आणलेलं झाड पुढच्याच वर्षी, २०१२च्या मे महिन्यात, स्थलांतराच्या धक्क्याने गेलं. त्यानंतरही झाडं बदलतच राहिली आहेत. ब्लू स्प्रूस हा रॉकी पर्वतातल्या थंड, कोरड्या हवेतला. आमच्याकडचा दमट उन्हाळा त्याला सोसत नाही. पानांवर बुरशी येते आणि खालच्या फांद्या एकेक करून उघड्या पडतात. दर ऑगस्टमध्ये गिऱ्हाईकं अशी फांदी पिशवीत घालून आमच्याकडे उपाय विचारायला येतात.

संसदेच्या इमारतीसमोरही हा प्रयोग झाला. १९६४ साली सभापती मॅकॉरमॅक यांच्या सूचनेवरून पश्चिमेच्या हिरवळीवर चोवीस फुटी डग्लस फर लावला गेला. १९६७च्या वादळाचा तडाखा बसला, मुळांना मोठी इजा झाली, आणि १९६८ साली तो मेला. १९७०पासून तिथे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या राष्ट्रीय जंगलातून तोडलेलं झाड येतं.

आमच्या गावातले काही जण हीच उदाहरणं देऊन म्हणतात की जिवंत झाडाचं काही खरं नाही. हे मला मान्य नाही. या सगळ्या गोष्टींतून एवढंच कळतं की वाढलेलं झाड हलवणं फार जोखमीचं आहे. ज्या ठिकाणी झाडाला हलवलं नाही आणि माणसं त्याच्यापाशी गेली, तिथली गोष्ट वेगळी आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनने १९२८ ते २०१५ इतकी वर्षं आपल्या एका जुन्या ओकवर दिवे लावले. फर नाही, स्प्रूस नाही, तिथल्याच मातीतला पसरट, सदाहरित ओक. झाड फार थकलं तेव्हा शहराने रोषणाई थांबवली. कॅलिफोर्नियात आल्टडीनाला १८८०च्या दशकात लावलेल्या हिमालयी देवदारांची रांगच्या रांग आहे. १९२०पासून तिथले लोक तिच्यावर दिवे चढवत आले आहेत. जानेवारी २०२५च्या आगीत आल्टडीनाचा मोठा भाग जळला, पण देवदार बहुतांश वाचले. झाडं लहान असतानाच लावली होती, तेव्हा सणाचा विचारही कोणाच्या मनात नव्हता, आणि म्हणूनच ती पुढे सणाच्या उपयोगी पडली.

या सगळ्यांत मला जवळचं वाटतं ते कॅलिफोर्नियातलंच जनरल ग्रँट नावाचं सेकोयाचं झाड. १९२६ साली कूलिज यांनीच त्याला देशाचा नाताळवृक्ष ठरवलं. उंची २६७ फूट. त्याच्यावर माळ नाही, दिवा नाही, टोकाला चांदणी नाही. दर डिसेंबरात सँगर गावातून लोक डोंगर चढून, बर्फातून, त्याच्या पायथ्याशी जातात, प्रार्थना करतात, एक पुष्पचक्र ठेवतात आणि उतरून येतात.

हे वाचणाऱ्या मराठी माणसाला वटपौर्णिमा आठवेल. शहरात बाजारातून वडाची फांदी आणून घरी पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी त्या फांद्या कचऱ्यात दिसतात. गावाकडे बायका सूत घेऊन वडापाशी जातात. आमच्या गावाला मी हेच सांगत आहे: झाडापाशी जा. आधी ते तिथे वाढू तर द्या.

तोडलेल्या झाडाला सरसकट दोष देणंही मला पटत नाही. घरातलं सहा-सात फुटी झाड हे शेतातलं पीक असतं. ते वाढायला आठ-दहा वर्षं लागतात, शेतकरी एक कापतो आणि पुढची रोपं लावतो. माझ्या ओळखीची कुटुंबं त्यावर जगतात. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात १९४७पासून दरवर्षी ऑस्लोहून स्प्रूस येतो. युद्धकाळात ब्रिटनने दिलेल्या साथीबद्दल नॉर्वेने व्यक्त केलेली ती कृतज्ञता आहे. ते झाड पन्नास-साठ वर्षांचं असतं, आणि तेवढं वय खर्ची घालावं असं कारण त्यामागे आहे. आमच्या वाचनालयासमोरच्या झाडामागे असं काही नाही. ते येतं कारण गेल्या वर्षीही आलं होतं.

मग लावायचं काय? माझं उत्तर आहे अमेरिकन हॉली. हे मेरीलँडच्याच मातीतलं झाड. बाराही महिने हिरवं, पानं जाड आणि काटेरी, आणि डिसेंबरात फांद्या लाल फळांनी भरलेल्या. पक्षी हिवाळाभर ती फळं खातात. आकारही शंकूसारखाच. पाच-सहा फुटी रोप घ्यावं, म्हणजे हुंडी लहान, तुटणारी मुळं कमी आणि सावरायला एक-दोन वर्षं पुरे. खोडाभोवती गवत न ठेवता लाकडाचा चुरा पसरावा, पण तो खोडाला चिकटवू नये. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला खोल पाणी. भोवती साधं कुंपण, म्हणजे माती तुडवली जाणार नाही. दिवे एलईडीचे, कारण जुन्या बल्बांसारखे ते तापत नाहीत. माळा मात्र सणानंतर उतरवल्याच पाहिजेत. वर्षभर तशाच ठेवल्या की वाढत्या फांदीला तार कशी कापते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

हॉली सावकाश वाढते, हा आक्षेप खरा आहे. नगरपरिषदेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला विचारलं, “मी ते मोठं झालेलं पाहणार आहे का?” मला खोटा धीर देता येईना. पंधरा-वीस वर्षं लागतील. मी त्यांना एवढंच म्हटलं की तोवर शेजारी शेतावरचं आठ फुटी झाड उभं करू, त्यावर दिवे लावू, आणि हॉलीवर पहिल्या वर्षी एकही माळ नको. दरवर्षी पहिलीतल्या मुलांचा फोटो तिच्याशेजारी काढावा, असं त्यांनीच मग सुचवलं.

वसईहून भाऊ विचारत होता की आपल्याकडे काय करावं. नाताळ आला की नर्सरीत कुंड्यांमधून अरोकेरिया विकायला येतो. पॅसिफिक बेटांवरचं झाड ते. कुंडीत छान दिसतं, ज्याला हवं त्याने जरूर घ्यावं. पण एखाद्या गावाला चर्चसमोर कायमचं झाड हवं असेल तर मी उंडी लावायला सांगेन. सदाहरित, चकचकीत पानांची, पांढऱ्या सुवासिक फुलांची, आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला न डगमगणारी. तिच्या फांदीला टांगलेला कागदी तारा फरवरच्या ताऱ्यापेक्षा कमी शोभेल, असं मला अजिबात वाटत नाही.

नगरपरिषदेचा निर्णय जानेवारीत होईल. मी लेखी निवेदन दिलं आहे, त्यात एक मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटू नये म्हणून ठळक केला आहे. हॉलीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि लाल फळं फक्त मादीला धरतात, तीही जवळपास नर असेल तरच. तेव्हा वाचनालयासमोर मादी लावायची, तर हाकेच्या अंतरावर एक नरही लागेल. त्याच्यावर दिवे नसतील, फळं नसतील. त्याला जागा कोण देतं, तेवढं बैठकीआधी ठरवून या.